भिंत काढताय? आधी तिच्यावर काय बसलंय ते बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, सध्या अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात राहते, पण सकाळचा चहा तुमच्या पेपरशिवाय होत नाही. तुमच्या पुरवणीत नव्याने सजवलेल्या घरांचे फोटो येतात, त्यात 'किचनची भिंत काढून हॉल मोठा केला' हे हमखास असतं. पण ती भिंत काढल्यावर वरचं वजन गेलं कुठे, हे कोणीच लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

आमचं घर ओंडक्यांचं आहे. व्हाइट पाइनचे जाड ओंडके एकावर एक आडवे रचलेले, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले. किचन आणि हॉलच्या मधली भिंतही तशीच. अंधार फार पडायचा म्हणून ती ८ फूट उघडायची ठरवली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, आतलीच तर भिंत आहे, पार्टिशन समजा, एका दुपारचं काम. आम्हाला तेच ऐकायचं होतं, आम्ही हो म्हणालो.

एका बाजूचा काप झाला. दुसऱ्या बाजूला चेनसॉ अर्ध्यात गेली आणि पातं असं गच्च धरलं गेलं की दोघांनी ओढूनही निघेना, काप पात्यावर मिटत चालला होता. संध्याकाळी माळ्यावरचं दार लागेना. त्या रात्री कोणी झोपलं नाही, मुलांना मी शेजारी पाठवलं.

मग स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावली. ती भिंतीकडे बघायच्या आधी टॉर्च घेऊन जमिनीखालच्या पोकळीत शिरली, नंतर माळ्यावर गेली. तिथे फळ्यांच्या मागे आढं पेलणारा खांब होता, बरोबर याच भिंतीवर उभा! शिवाय बाहेरच्या दोन लांब भिंती फुगू नयेत म्हणून त्यांना मधून धरून ठेवणारीही हीच. ओंडक्यांच्या घरात अजून एक गोष्ट असते, जी मला तोवर माहीत नव्हती. आडवा ओंडका वाळला की जाडीत आकसतो, ओल्या लाकडाची ८ फूट उंच भिंत काही वर्षांत चार-पाच इंचही खाली बसू शकते, पण उभा खांब लांबीत जवळजवळ आकसतच नाही. म्हणजे नुसता खांब ठोकून तुळई टाकली तर बाकी घर खाली बसतं आणि तेवढाच भाग वर राहतो. म्हणून खांबाला स्क्रू जॅक, म्हणजे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारा आधार, लावतात आणि घर बसेल तसा तो थोडा थोडा खाली घेतात. दाराच्या चौकटीवरही फट सोडतात.

शेवटी दोन्ही बाजूंनी टेकू दिले, पोकळीत काँक्रीटचे नवे पाये घातले, ग्लुलॅमची (लाकडाचे थर चिकटवून केलेली) तुळई, दोन खांब, आणि ८ ऐवजी ६ फुटांवर भागवलं, दोन्ही टोकांना भिंत ठेवून. पैसे ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त गेले, पण आता त्या तुळईखालून मुलं पळताना छातीत धस्स होत नाही.

हे अमेरिकेतल्या लाकडी घराचं झालं, आपल्याकडे काय असं वाटेल. घाटकोपरची सिद्धी साई इमारत आठवा. २५ जुलै २०१७ ला कोसळली, १७ माणसं गेली, आणि तळमजल्यावरच्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. साताऱ्या-पुण्यातल्या कितीतरी जुन्या घरांत तर आरसीसीचे खांबच नाहीत, सगळा भार विटांच्या भिंतींवर, आणि तिथेही मिस्त्री नुसती टकटक करून 'काढा बिनधास्त' सांगतो.

माझी एकच विनंती आहे. असे फोटो छापाल तेव्हा खाली एवढं तरी लिहा की भिंत भार घेणारी होती का, ती कोणी तपासली आणि तिच्या जागी काय बसवलं.

आपली नम्र,
एक वाचक