सभागृहाचे कुलूप काढण्याबाबत

मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती, यांस सविनय नमस्कार.

विषय : शनिवारचा गायन व नाट्य सराव पुन्हा सुरू करण्यासाठी सभागृह उघडून मिळण्याबाबत.

महोदय,

या विषयावरील माझ्या आधीच्या अर्जांची पोच समितीने दिलेली नाही, आणि सचिवांना जिन्यात गाठून विचारले तर "विषय समितीपुढे आहे" यापलीकडे उत्तर मिळत नाही. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत असून त्याची एक प्रत सूचनाफलकावर लावत आहे. फलकावर काही लावण्यास समितीची परवानगी लागते, हे मला ठाऊक आहे. परंतु "सभागृह म्हणजे तमाशाचा फड नव्हे" ही विनासहीची चिठ्ठी त्याच फलकावर कितीतरी दिवस होती, तेव्हा परवानगीचा प्रश्न कोणालाही पडला नव्हता. हस्ताक्षर तळमजल्यावरील कोणत्या सन्माननीय सभासदांचे आहे, ते आपणही ओळखता.

याच सभासदांच्या एका तक्रारीवरून सभागृहाला कुलूप लागले. सर्वसाधारण सभेत ठराव झाला नाही, सराव करणाऱ्यांना कोणी बोलावले नाही, मुलांनी नाटकासाठी रंगवलेले पुठ्ठे पावसात गच्चीवर गेले. त्याआधी जिन्यालगतच्या भिंतीवर मुलांनी काढलेले चित्र "रंगसंगतीत बसत नाही" म्हणून पांढऱ्या रंगाखाली गेले होते, तेव्हाही मी गप्प बसले. हेच सभासद घराचे नूतनीकरण करताना ऐन दुपारी ड्रिल चालवत होते, त्याबद्दलही मी अवाक्षर काढले नाही. हे सारे नाइलाजाने नमूद करावे लागत आहे.

तक्रारीत ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 यांचा दाखला आहे. हे नियम मी स्वतः वाचले आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत वाद्ये व ध्वनिक्षेपक यांवर त्यांत बंदी आहे, आणि त्या बंदीतूनही प्रेक्षागृहे, सामुदायिक सभागृहे अशा बंदिस्त जागा आतल्या वापरापुरत्या वगळल्या आहेत. आमचा सराव रात्री आठला संपतो, आणि ध्वनिक्षेपक आमच्याकडे नाही. निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, हे तक्रारदार सांगतीलच. पण ती परिसरातील आवाजाची मर्यादा आहे आणि आम्ही दारे-खिडक्या लावून बसतो, त्यामुळे तिचा अधिक विचार करण्याची गरज मला वाटत नाही.

खरा मुद्दा आवाजाचा नाहीच. या सरावाने इमारतीला काय दिले, ते समितीने एकदा तरी पाहायला हवे होते. वरच्या घरातील न्हाणीघराची गळती खालच्या घराच्या छतात उतरते, यावरून दोन कुटुंबांत किती काळ अबोला होता, हे आपल्या फाइलींवरून आपणास माहीत आहेच. ती पत्रे आपल्यामार्फतच जात असत. त्या दोन घरांतील दोघी समूहगानात एकाच सुरात गाणाऱ्या निघाल्या आणि शब्दांचा कागद एकच असल्यामुळे शेजारी बसल्या. पहिल्या दिवशी कागद एकीच्या हातात होता आणि दुसरी मान तिरकी करून वाचत होती. पुढे कागद मध्ये आला, आणि काही आठवड्यांनी प्लंबरला दोघींनी मिळून बोलावले. समितीने त्या गळतीवर किती बैठका घेतल्या, ते मी इथे काढत नाही.

हा योगायोग नव्हे. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांचे गायन, हस्तकला आणि सर्जनशील लेखन यांचे वर्ग सात महिने पाहिले गेले. एकमेकांना अनोळखी असलेली माणसे गायनाच्या वर्गात सर्वांत लवकर जवळ आली. अखेरीस मात्र तिन्ही प्रकारच्या वर्गांतील जवळीक सारखीच होती. म्हणजे कला कोणतीही असो, माणसांनी पुन्हा पुन्हा एकत्र बसणे महत्त्वाचे. त्यामुळे "वर्षातून एकदा स्नेहसंमेलन घ्या की" हा सचिवांचा तोडगा निरुपयोगी आहे. त्या संध्याकाळी ठरावीक चार मुले नाचतात, बाकीचे खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात आणि शेजारी कोण बसले होते हे घरी जाईपर्यंत विसरतात. सरावात मात्र चुकावे लागते, दुसऱ्याची चूक सांभाळून घ्यावी लागते, आणि कोणी आले नाही तर त्याच्या घरी चौकशी करावी लागते. एकटे राहणारे आमचे ज्येष्ठ सभासद, जे पाठांतर नको म्हणून पडद्यामागे संवाद सांगायला बसत, एका शनिवारी आले नाहीत. मुले वर धावली तेव्हा ते तापाने अंथरुणावर होते. आता ती चौकशी कोण करते?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन आरोग्य राखण्यातील कलांचे स्थान मान्य केले आहे, आणि 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 27 वे कलम समाजाच्या सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क प्रत्येकाला देते. एका सभागृहाच्या किल्लीसाठी संयुक्त राष्ट्रांपर्यंत जावे लागावे, याची मलाच लाज वाटते.

बहुतेक सभासद माझ्याच मताचे आहेत. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाने तसे सांगितले आहे. सह्या देण्यास काहीजण कचरतात, त्याचे कारण आपण जाणता.

माझ्या मागण्या माफक आहेत. किल्ली शनिवारी सायंकाळी पहारेकऱ्याकडे असावी. सरावाला विरोध असल्यास तो सर्वसाधारण सभेत मांडला जावा आणि इतिवृत्तात नावानिशी नोंदवला जावा. तक्रारदार सभासदांनी एकदा आत येऊन सराव पाहावा. खालच्या पट्टीत गाणाऱ्यांची आम्हाला उणीव आहे आणि त्यांचा आवाज जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ पोहोचतो, हे आम्ही सर्वांनी अनुभवले आहे.

आठ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही वाहनतळात, अभ्यागतांसाठी राखीव असलेल्या मोकळ्या जागेत सराव सुरू करू. ती जागा तक्रारदार सभासदांच्या खिडकीखाली आहे, याला माझा इलाज नाही.

आपली विश्वासू,
दुसऱ्या मजल्यावरील एक सभासद

ता. क. सभागृहात सध्या दोन मोडकी लोखंडी कपाटे आणि उरलेल्या फरशांची खोकी ठेवलेली आहेत. ती कोणाच्या नूतनीकरणातून उरली आणि कोणत्या ठरावाने आत गेली, याचा खुलासाही उत्तरात व्हावा.