सिग्नल पडला, नाना!

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता. घरी येऊन मानावे तर चहा पुढे सरकवून पावसापाण्याचा विषय काढता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. आता टाळता येणार नाही.

तुम्ही भुसावळहून जळगावला माझ्या माडीवर पहिल्यांदा आलात, तेव्हा चौदा बाय पाच फुटांच्या प्लायवर माझ्या छोट्या रेल्वे मॉडेलची तीन वर्षांची मेहनत मांडलेली होती. पाचोऱ्याच्या धर्तीवरचं स्टेशन, अलीकडे मोठी लाइन आणि पलीकडे जामनेरकडे वळणारी पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेरची छोटी लाइन. डब्ल्यूजी, म्हणजे मालगाडीचं कोळशाचं इंजिन, मी चकचकीत काळ्या रंगात घडवलं होतं, आठही चालती चाकं फिरणारं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, नाक त्याला टेकेल इतके वाकलात आणि म्हणालात, "इंजन चांगलं शे, पन हाई कधी चालेल वाटत नही." म्हणजे, हे कधी चाललेलंच वाटत नाही.

खरं सांगतो, त्या रात्री मला राग आला होता.

त्यानंतर तुम्ही विचारलंत, "साल कोणतं?" मी म्हटलं, कोळशाच्या इंजिनांचा काळ. "काळ म्हणजे? गाडी तारखेला सुटते रे." मग तुम्हीच १९६६ ठरवून टाकलंत. कारण विचारलं तर नुसते हसलात. मला वाटलं, विजेच्या तारांमुळे असेल. आपल्याकडच्या मोठ्या लाइनीवर तारा आल्या त्या साठच्या दशकाच्या शेवटी, म्हणजे १९६६ धरलं की मी हौसेने उभे केलेले सगळे खांब उपटायचे. उपटले. बावीस होते.

एका सालावर बोट ठेवल्यावर बाकीची घडी आपोआप मोडत गेली. किराणा दुकानाच्या पाटीवर मी 'जि. पूर्व खानदेश' लिहिलं होतं. नंतर लक्षात आलं की जिल्ह्याचं नाव १९६० मध्येच जळगाव झालं, म्हणून पुसायला घेतलं. तुम्ही हात धरलात. "सहा वर्षांत कोणता वाणी पाटी रंगवतो?" ती पाटी तशीच आहे, फक्त थोडी उडालेली. एका सालातल्या सगळ्या वस्तू त्याच सालातल्या नसतात, हे मला एकट्याला कधी सुचलं नसतं.

सिग्नलचं तर मला अजून हसू येतं. माझ्या सिग्नलचा हात वर उचलला जायचा, कारण विलायती किट तसंच होतं. तुम्ही म्हणालात, "लहानपणी तुझी आजी काय म्हणायची? सिग्नल पडला, चला, गाडी आली. उठला म्हणायची का?" आपल्या बोलण्यातच उत्तर होतं! हात आडवा म्हणजे थांब, खाली पडला म्हणजे रस्ता मोकळा. तार तुटलीच तर वजनामुळे तो पुन्हा आडवा होतो, हेही तुम्ही चमचा आणि दोऱ्याने टेबलावर करून दाखवलंत. स्टेशनाबाहेर गाडी थांबवणाऱ्या होम सिग्नलचा हात चौकोनी टोकाचा, त्याच्या आधी सूचना देणाऱ्या वॉर्नरचा माशाच्या शेपटीसारखा. सगळे सिग्नल मी पुन्हा केले.

रुळांबाबत मात्र तुम्ही मला सूट दिलीत. आपल्या मोठ्या लाइनीच्या दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर. माझ्या १:८७ प्रमाणात ते १९.३ व्हायला हवं, आणि बाजारात मिळतो तो रूळ १६.५ चा. इंजिन जरा पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. उलट पीजेचं नशीब बघा. ७६२ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे ८.८, आणि ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. तुम्ही मेन लाइनवाले, तुमचा अभिमान लगेच बोलला: "ती तर आधीपासूनच खेळण्यातली." नाना, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत ५६ किलोमीटर जाणारी ती गाडी शंभर वर्षं चालली, २०२० मध्ये थांबली. एवढ्यावर मी तुमच्याशी भांडणार. स्लीपरवर मात्र तुमचंच खरं ठरलं. मी सगळीकडे लाकडी टाकले होते. तुमच्या सांगण्यावरून मोठ्या लाइनीवर बिडाचे, मधे पट्टी असलेले केले, आणि लाकडी फक्त सांध्यांखाली ठेवले.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितोय, तो मार्चमधला रविवार. तुम्ही पिशवीतून तव्याची काजळी, पानाचा चुना आणि जुना टूथब्रश काढलात. माझ्या इंजिनाला तुम्ही घाण लावणार, या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही मात्र एकही डाग उगाच लावला नाहीत. बॉयलरच्या धुण्याच्या, म्हणजे वॉशआउटच्या, झाकणांखाली चुन्याचे ओघळ काढलेत, कारण जड पाणी तिथून पाझरतं आणि वाळून पांढरं होतं. पुढच्या धुरपेटीवर काळा नाही, करडा हात फिरवलात, कारण तिथला रंग उष्णतेने जळतो. चाकांच्या दांड्यांवर तेलाचा ओलसरपणा, टेंडरच्या कडेला कोळशाची भुकटी. इंजिनात पाणी भरायच्या सोंडेखाली तुम्ही हिरवं गवत लावायला लावलंत, मे महिन्यातसुद्धा, कारण तिथे रोज पाणी सांडतं. राखेचा खड्डा मी शोभेसाठी कोपऱ्यात टाकला होता. तो इंजिनाच्या वाटेत आला. चिमणीतला कापसाचा काळाभोर धूर तुम्ही चिमटीने उपटून फेकलात. "इतका काळा धूर म्हणजे फायरमनची बेअब्रू."

चुना गिअरमध्ये गेला आणि इंजिन दोन दिवस जाम झालं, हेही लिहितो, नाहीतर तुम्हाला फारच मोठेपणा दिल्यासारखं होईल. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "आज वॉशआउट आहे त्याचं. शेडमध्ये राहू दे."

काळी माती मी तुमच्याच मळ्यातून आणून चहाच्या गाळणीने चाळली. दिव्याखाली ती फार काळी दिसते, म्हणून थोडी राख मिसळली. केळीची पानं कागदाची केली, आतापर्यंत चारशे झाली. बायको म्हणते, खरी बाग लावली असती तर एव्हाना घड उतरले असते.

परवा काकूंशी बोलताना कळलं की १९६६ मध्ये तुम्ही इंजिन पुसणाऱ्या क्लीनरचे सेकंड फायरमन झालात आणि पहिल्यांदा चालत्या डब्ल्यूजीवर चढलात. आता कळलं, साल का ठरलं ते. माझ्या इंजिनावर ड्रायव्हर आणि एक फायरमन अशी दोनच माणसं पाहून तुम्ही "तिसरा कुठाय?" एवढंच विचारलं होतंत आणि गप्प बसला होतात.

तिसरा केलाय, नाना. वीस मिलिमीटरचा, डोक्याला रुमाल, हातात फावडं. अजून रंगवलेला नाही. तुमचा शर्ट कोणत्या रंगाचा होता, तेवढं सांगायला या. भरिताची वांगी आलीत.

तुमचा,
माडीवरचा स्टेशन मास्तर