कांजी म्हणजे नुसती चित्रं नव्हेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुरवणीतला नवशिक्यांसाठीचा कांजीवरचा, म्हणजे जपानी लिहिण्यात वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांवरचा, लेख वाचला. मराठीत असं काही छापून येतंय याचा आनंद आहेच. पण ‘कांजी म्हणजे चित्रं, एकदा चित्र दिसलं की विसरायला होत नाही’ या वाक्यावर हसू आलं. मी सव्वा वर्ष कांजी शिकते आहे आणि सव्वा वर्ष विसरते आहे.

त्याआधीची तीस वर्षं मुद्रितशोधनात गेली. ‘घ’चा ‘ध’ झालेला मला पान उलटताना दिसायचा. त्यामुळे अक्षरं ओळखणं आपल्याला काय जड जाणार, अशा गुर्मीतच वही उघडली. पहिले काही दिवस लेखकाचं म्हणणं खरंच वाटतं. डोंगराला तीन सुळके, नदीला तीन धारा, एक झाड म्हणजे झाड, दोन झाडं म्हणजे वनराई, तीन म्हणजे अरण्य. वारांची नावं तर आपल्याला जवळजवळ फुकटातच मिळतात. आगीचा दिवस मंगळवार, पाण्याचा बुधवार, लाकडाचा गुरुवार, सोन्याचा शुक्रवार, मातीचा शनिवार. त्यांचेही वार ग्रहांवरूनच आलेले (मंगळ म्हणजे त्यांच्याकडे ‘आगीचा तारा’), क्रमही तोच.

मग गाडी अडते. लेखात ‘वेळ’ या अर्थाची कांजी ‘सूर्य’ आणि ‘देऊळ’ अशी फोडून, पूर्वी देवळातल्या घंटेवरून वेळ कळायची म्हणून हे चित्र, असं सांगितलं आहे. गोष्ट गोड आहे, पण देऊळ तिथे घंटेसाठी आलेलं नाही, आवाजासाठी आलं आहे. देवळाच्या कांजीचा चिनी वळणाचा, म्हणजे चिनीतून आलेला, उच्चार ‘जि’, म्हणून वेळेचाही ‘जि’. त्याच देवळाच्या डावीकडे हात ठेवला की ‘धरणे’, उच्चार पुन्हा ‘जि’. बोलण्याची खूण ठेवली की ‘कविता’, उच्चार जवळचाच, ‘शि’. एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा आवाजाची. बहुसंख्य कांजी अशाच घडलेल्या आहेत. निव्वळ चित्रं त्या मानाने थोडी. हे मला पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितलं असतं, तर प्रत्येक अक्षरासाठी एकेक कहाणी रचण्यात चार महिने गेले नसते. (आवाजाची खूण दर वेळी पाळली जाते असंही नाही. ‘वाट पाहणे’मध्ये तेच देऊळ बसलं आहे आणि उच्चार मात्र ‘ताइ’.)

उच्चारांबद्दल लेखात अवाक्षर नाही. खरी फजिती तर तिथेच होते. ‘निचियोबी’ म्हणजे रविवार. तीन कांजी, पहिली आणि तिसरी एकच, सूर्याची. पहिल्या जागी ती ‘निचि’, शेवटी ‘बी’. तीच ‘आता’च्या कांजीशेजारी बसली की दोघी मिळून ‘क्यो’, म्हणजे आज. त्यात कुठला आवाज कुणाचा, हे तोडून दाखवताच येत नाही. मी आधी सुटे उच्चार पाठ करत होते, ते सोडून दिलं. आता अख्खे शब्दच वहीत उतरवते, तेव्हा कुठे डोक्यात थोडं राहतं.

आणि लिहायलाच हवं. नुसतं बघून भागत नाही. ‘तोंड’ म्हणजे साधा चौकोन. मी चार बाजूंच्या चार रेघा ओढल्या. त्या तीनच आहेत: डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी उभी न उचलता एका वळणात, शेवटी खालची. हा निव्वळ सोवळेपणा वाटेल, पण छापील कांजीकोशात अनोळखी अक्षर रेघा मोजून शोधावं लागतं. एक रेघ जास्त मोजली की तुम्ही भलत्याच पानावर.

जपानी मुलांना पहिलीत ८० कांजी असतात आणि सहावीपर्यंत १०२६. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या २१३६. या आकड्यांपुढे ‘महिन्याभरात कांजी’ असा मथळा नवशिक्याला नाउमेदच करतो. महिना संपतो, कांजी येत नाही, आणि दोष आपल्याच डोक्याचा वाटतो.

शेवटी सवयीचा गुण. लेखासोबतच्या तक्त्यात ‘मिराइ’, म्हणजे भविष्यकाळ, हा शब्द चुकीचा छापला आहे. त्यातली पहिली कांजी ‘अजून नाही’ या अर्थाची हवी: झाडावर दोन आडव्या रेघा, वरची आखूड, खालची लांब. आपण वरची लांब छापली आहे. तिचा अर्थ होतो ‘शेवट’. दोन्ही अक्षरांत रेघा पाचच, क्रमही तोच, त्यामुळे जुळणी करणाऱ्याला दोष देत नाही. मी स्वतः हीच चूक वहीत नऊदा केली आहे. पुढच्या अंकात तेवढी दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक