तुला तेव्हा 'थांब' म्हणालो होतो

पुणे, सप्टेंबर २०२५

प्रिय मन्या,

तुझा मेसेज तीनदा वाचला. निन्टेन्डोचा नवा गेमचा कन्सोल, स्विच २, चार दिवसांत जगभरात ३५ लाख खपला ही बातमी पाठवलीस आणि खाली एवढंच, "लोकांना महाग वाटतच नाही का रे? आणि आपला पीएस ५ कधी उतरणार?" फोनच करणार होतो, पण गणपती झाल्यापासून तपकीर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही आणि हे मला नीट सांगायचंय, म्हणून शटर ओढून काउंटरवरच लिहायला बसलोय.

आधी हे सांगतो की माझं चुकलं. २०२१ च्या फेब्रुवारीत सोनीचा प्लेस्टेशन ५, म्हणजे पीएस ५, आपल्याकडे आला, डिस्कवाला ४९,९९० ला, तू पैसे बाजूला काढून तयार होतास, तुझ्या ओवीला सातवं लागलं होतं, आणि मी मोठ्या तोंडाने म्हणालो थांब, दोन वर्षांत दहा हजार तरी उतरतील. तू थांबलास. २०२२ च्या नोव्हेंबरात तोच ५४,९९० झाला. तू मला कधी एका शब्दाने बोलला नाहीस, पण ते माझ्या मनातून जात नाही.

मी उगाच नव्हतो म्हणालो रे, दोन पिढ्या आधीचा पीएस ३ मी या काउंटरवर पाहिलाय. २००७ चा एप्रिल, ३९,९९० किंमत, तेव्हा माझा महिन्याचा पगारच साडेचार हजार. तो काळा चकचकीत डबा काचेच्या कपाटात ठेवला होता आणि नुसतं कुणी हात लावला तरी बोटांचे ठसे उठायचे, दिवसातून दहादा पिवळ्या फडक्याने पुसायचो. बघायला अख्खी पेठ यायची, पोरं नाक काचेला लावून उभी, आणि जाताना घेऊन जायची पीएस २ चा कंट्रोलर. उठावच नव्हता.

आणि हे फक्त आपल्याकडे नव्हतं. अमेरिकेत नोव्हेंबर २००६ ला तो आला तेव्हा लोक दुकानाबाहेर रात्रभर रांगा लावून बसले होते, सगळीकडे आउट ऑफ स्टॉक, तुला वाटेल काय धंदा झाला असेल! प्रत्यक्षात त्या महिन्यात विकले गेले १ लाख ९७ हजार, आणि त्याच महिन्यात जुना पीएस २ गेला ६ लाख ६४ हजार. मालच कमी आला होता. मला धंद्यात इतक्या वर्षांत कळलेली गोष्ट म्हणजे पहिल्या महिन्याचा आकडा गिऱ्हाइकाचा नसतो, मालाचा असतो, जेवढे पीस येतात तेवढे दर्दी लोक उचलतातच, किंमत काही का असेना. खरं काय ते चार-सहा महिन्यांनी दिसतं. डिसेंबरात ४ लाख ९१ हजार झाले खरे, पण एप्रिल २००७ मध्ये किती, फक्त ८२ हजार! तेव्हा माल भरपूर होता, दर्दी संपले होते. त्याच एप्रिलमध्ये निन्टेन्डोचा अडीचशे डॉलरचा वी कन्सोल ३ लाख ६० हजार गेला, आणि पीएस ३ चं मोठं मॉडेल होतं सहाशेला.

बरं सोनी तरी काय करणार, ब्लू-रे डिस्कचा ड्राइव्ह आणि 'सेल' नावाची ती मुख्य चिप यामुळे सुट्या भागांचाच खर्च आठशे डॉलरच्या वर जातो असा तेव्हाचा अंदाज होता, म्हणजे प्रत्येक पीसमागे पदरचे पैसे. मग हळूहळू भाग स्वस्त होत गेले, किंमत उतरत गेली, आणि सप्टेंबर २००९ ला त्याचं बारीक केलेलं मॉडेल, स्लिम, आलं २९९ डॉलरला, तीन आठवड्यांत जगभरात १० लाखांच्या वर गेले. शेवटी पीएस ३ आठ कोटींच्या पुढे गेला. निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या थ्रीडीएसचं पण तेच, २०११ मध्ये अडीचशे डॉलरला आणला, उठाव नाही म्हणून पाच महिन्यांत १७० वर आणला आणि मग तो चालला. हे डोळ्यांनी बघितलेल्या माणसाने 'थांब' नाही म्हणायचं तर काय म्हणायचं!

पण या वेळी गणितच फिरलं. चिपचा तुटवडा आला, लाँचपासून आठ महिन्यांत, जुलै २०२१ पर्यंत, जगभरात एक कोटी पीस जाऊनही लोक मालासाठी फोन करतच होते, आपल्याकडे प्री-ऑर्डर मिनिटांत संपायची. ज्याला गिऱ्हाईक रांगेत उभं आहे तो किंमत कशाला उतरवेल? त्यात महागाई, आणि पूर्वी चिप दर दोन-तीन वर्षांनी लहान आणि स्वस्त व्हायची ते आता तसं होत नाही, लहान होते पण स्वस्त होत नाही. म्हणून बघ, पीएस ५ चा स्लिम आपल्याकडे २०२४ च्या एप्रिलमध्ये आला तो ५४,९९० लाच. मी खोका उघडला, हातात घेतला, हलका होता, छान होता, आणि किंमतीचं लेबल तेच बघून मला पहिल्यांदा तू आठवलास. आणि आता या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पन्नास डॉलर वाढवले, लाँच होऊन पाच वर्षं होत आली तेव्हा! इतकं असून जूनपर्यंत आठ कोटी पीस गेलेत. म्हणजे लोकांना महाग वाटतं मन्या, वाटतंच, माझ्या दुकानात बाप-लेक येतात, पोरगं बोट दाखवतं, बाप किंमत विचारतो, मोबाईलवर हप्ता किती बसतो ते बघतो आणि 'दिवाळीला बघू' म्हणून जातो. ही माणसं पूर्वी तिसऱ्या-चौथ्या वर्षी यायची, हातात पैसे घेऊन, खूश होऊन. ती माणसं आता कुठल्या आकड्यात दिसतच नाहीत, आणि मला सगळ्यात वाईट त्याचंच वाटतं.

स्विच २ चं मला विचारशील तर इकडे अधिकृत आलेलाच नाही, जे येतात ते बाहेरून आणलेले, वॉरंटीची बोंब, ओवीसाठी त्यात पडू नकोस.

आता कामाचं. कोथरूडचं माझं एक जुनं गिऱ्हाईक जर्मनीला चाललंय, त्याचा डिस्कवाला पीएस ५ आहे, दोन कंट्रोलर, खोका-बिल सगळं, ३१ हजार म्हणतोय. काल दुकानात दोन तास चालवून बघितला, पंख्याचा आवाज नाही, डिस्क बिनबोभाट घेतो, एका कंट्रोलरची डावी स्टिक किंचित आपोआप सरकते, ती मी बदलून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. रविवारपर्यंत त्याला दुसऱ्या कुणाला देऊ नको म्हणून सांगितलंय. ओवीला अजून काही सांगू नकोस, आणि शनिवारी पहिली गाडी पकडून ये, स्टेशनवर घ्यायला येतो.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग या वेळी जेवायला आमच्याकडेच.

तुझा,
संज्या