मंदे, ते १६० एकर कापू नकोस

प्रिय मंदे,

तुझ्या कादंबरीचं बाड पाडव्याला आलं आणि आज नागपंचमी. मधे तुझे दोन फोन येऊन गेले, दोन्ही वेळा मी विषय बदलला. रागावली असशील तर तुझं बरोबरच आहे. माझी तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. पण परवाची तुझी चिठ्ठी वाचली आणि गप्प बसवेना. जमिनीची तीन प्रकरणं काढून तिथे गोळीबार घालायचा, असं प्रकाशकांनी सुचवलं आणि तू हो म्हणालीस?

अगं, ती तीन प्रकरणं हीच तुझी प्रेमकथा आहे.

या जातीच्या कादंबरीत शेवट ठरलेला असतो. दोघांचं लग्न होणार, हे वाचणारीला पहिल्या पानापासून माहीत असतं. ती वाचत राहते ते एकाच प्रश्नासाठी: मग आजच का नाही? या प्रश्नाचं उत्तर जितकं भक्कम, तितकं पुस्तक भक्कम. तुझ्याकडे ते उत्तर आहे आणि तेच तू कापायला निघालीस.

पुन्हा बघ तू काय मांडलंयस ते. सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करून देणारा अमेरिकेतला १८६२ चा होमस्टेड कायदा. १६० एकर, म्हणजे अर्धा मैल लांब-रुंद चौकोन. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग दोन साक्षीदार उभे करून ती नावावर करून घ्यायची. एकवीस वर्षांवरच्या बिनलग्नाच्या बाईला आणि विधवेला स्वतःच्या नावाने दावा लावता येई, नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला नाही. तुझी कॅथरीन विधवा, नेब्रास्कात तिचा दावा १८८५ च्या वसंतातला. शेजारच्या चौकोनात थॉमस, त्याचा १८८६ चा. नवरा-बायकोला दोन दाव्यांवर दोन वेगळी बिऱ्हाडं दाखवता येत नसत, म्हणून आज लग्न केलं तर दोघांपैकी एकाची जमीन गेली. तिचा दावा १८९० मध्ये पुरा होईपर्यंत थांबायला हवं. सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे काय, हे आपल्या वाचणाऱ्या बायकांना समजावून सांगावं लागणार आहे का? त्या बोटांवर महिने मोजतील.

यात कोणाचंच चुकत नाही. तो विचारतो, तेही बरोबर. ती नाही म्हणते, तेही बरोबर. म्हणून अकराव्या प्रकरणातला तो गैरसमज काढ. थॉमस तिच्या भावालाच तिचा प्रियकर समजतो आणि चाळीस पानं रुसून बसतो. जो गुंता एका वाक्यात सुटतो, त्यावर चाळीस पानं चालत नाहीत, वाचणारी चिडते. कॉलेजच्या गॅलरीत आपण यावरून भांडलो होतो, आठवतंय? तू म्हणायचीस रुसव्याशिवाय प्रेम नाही. मी अजून मानत नाही.

खलनायकही तुला आयता मिळाला आहे. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ दावा सोडून राहिलं, तर कोणीही जमीन कचेरीत जाऊन हरकत घेऊ शके. म्हणजे वाईट माणसाला पिस्तूल नको, पंचांग पुरे. तिच्या धुराड्यातून धूर कोणत्या दिवशी निघाला नाही, हे टिपून ठेवणारा शेजारी घाल. आई आजारी म्हणून ती ऑक्टोबरात माहेरी जाते, तिथून हलता येत नाही आणि हा इकडे खुणा करतोय. मला तर हे लिहितानाच धडधडतंय.

पिस्तूल ठेवायचंच असेल तर नीट ठेव. तुझा थॉमस १८७३ च्या कोल्टमधून न भरता नऊ गोळ्या झाडतो. बाई गं, ते पिस्तूल आहे की दिवाळीतली लवंगी माळ? त्यात गोळ्यांची घरं सहा. त्यातही शहाणा माणूस पाचच भरी आणि पिस्तुलाच्या घोड्याखालचं घर रिकामं ठेवी, कारण घोड्यावर नुसता आघात झाला तरी बार उडे.

काटेरी तारेचं कुंपणही १८६८ मध्ये घालू नकोस. ती तार पसरली ती १८७४ च्या पेटंटनंतर.

आणि घर! त्या गवताळ रानात ओंडक्यांचं घर कुठून आणलंस? झाडंच नव्हती. मुळांसकट गवताची ढेपळं नांगराने पट्टीपट्टीने कापत: साधारण फूटभर रुंद, दोन-तीन फूट लांब, चारेक इंच जाड. गवताची बाजू खाली करून विटांसारखी रचत. भिंती दोन-तीन फूट जाड, त्यामुळे उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. छत मात्र गळे, आणि पाऊस थांबला तरी आत गळतच राही. माती, उंदीर, क्वचित साप अंगावर पडू नये म्हणून छताखाली मांजरपाट ताणून बांधत. अशा एका खोलीत दोन माणसांनी एकमेकांपासून दूर राहायचं! तुझ्या वर्णनांतल्या रेशमी पडद्यांपेक्षा त्या मांजरपाटावर टपटपणाऱ्या मातीत जास्त शृंगार आहे.

हिमवादळाचा प्रसंग १२ जानेवारी १८८८ चाच ठेव. ते खरं वादळ होतं. सकाळ उबदार, मुलं जाड कोटांशिवाय शाळेत गेलेली, आणि मग अचानक समोरचा हात दिसेना. शेकडो माणसं गेली, त्यात शाळकरी मुलं किती! तू दोघांना शेकोटीपाशी नुसतं बसवलंयस. जळण कुठलं? लाकूड नाही. वाळलेलं गवत पिळून त्याच्या गाठी करून जाळत आणि ती गाठ बघता बघता संपे. म्हणजे रात्रभर पिळत राहायचं. एकाने पिळायचं, दुसऱ्याने घालायचं, झोपलं की गारठून मरायचं. त्यांना जवळ आणायला तुला वेगळं काही करावं लागणारच नाही. बोटं सोलवटलेली असताना तो तिचा हात हातात घेतो, एवढंच लिही.

एक गोष्ट मात्र कापच: चौथ्या प्रकरणातला किंचाळत येणारा आदिवासी टोळीवाल्यांचा हल्ला. जुन्या पुस्तकांनी तो इतका वापरला की तो आपोआप हाताखालून उतरतो. तुझ्या त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पॉनी जमातीचे आदिवासी मका पिकवत होते, १८७० च्या दशकात त्यांना दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावं लागलं. कॅथरीनच्या नांगराला त्यांचं जुनं शेत लागू दे. १८८७ च्या डॉज कायद्याने आदिवासी कुटुंबप्रमुखाला त्यांच्याच जमिनीतून वाटणी दिली, ती किती माहीत आहे? १६० एकर. हा आकडा तिच्या कानावर पडला की तिची पाच वर्षांची वाट तिला पूर्वीसारखी स्वच्छ वाटणार नाही, आणि ती जास्त खरी होईल.

घराचं रंगकाम संपलं का? सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल. अमूला आशीर्वाद, निकाल कळव.

बाड उद्या स्पीड पोस्टाने टाकते, समासात पेन्सिलीने लिहिलंय. प्रकाशकांना पत्र लिहिण्याआधी सातवं प्रकरण एकदा मोठ्याने वाच, ती कचेरीत अर्जावर सही करते ते. मग मला फोन कर, रात्री कितीही वाजता.

तुझी,
वैजू