ती मधली शंभर पानं कापायची कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत त्या कादंबरीचं परीक्षण वाचलं, पन्नाशीला टेकलेली बाई संसारातून बाहेर पडून एकटी राहायला लागते ती. परीक्षण छान लिहिलंय, भाषेबद्दल जे म्हटलंय ते सगळं पटलं, पण एका वाक्याशी अडले. मधली शंभरेक पानं रेंगाळतात, बँक, नोकरीचे अर्ज, भाड्याची खोली यातच लेखिका गुंतून पडते आणि ती पानं कापली असती तर कादंबरी आटोपशीर झाली असती, असं त्यात म्हटलंय. मला तर ती पानं म्हणजेच कादंबरी वाटली. नवऱ्याशी शेवटचं बोलणं, बॅग भरणं, मागे वळून न बघणं हे आपण किती ठिकाणी वाचलेलं असतं.

अशा गोष्टींमध्ये बहुतेक वेळा काय होतं, की बाई बाहेर पडते आणि लिहिणारा तिला लगेच काहीतरी देऊन टाकतो. कुठल्यातरी लांबच्या मावशीचं घर तिच्या नावावर होतं, नाहीतर एक समजूतदार पुरुष भेटतो, नाहीतर इतकी वर्षं छंद म्हणून केलेली गोष्ट सहा महिन्यात धंदा म्हणून चालायला लागते, आणि मग तिला स्वातंत्र्य मिळालं असं आपण मानायचं. अहो पण पहिल्या महिन्याचं भाडं कुणी भरलं? डिपॉझिट कशातून दिलं? आजारी पडली तर काय करणार होती? मला हे प्रश्न कोरडे वाटत नाहीत, तिचं धाडस नेमकं किती मोठं आहे ते यातूनच कळतं.

नॉर्वेचा नाटककार इब्सेन, त्याच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातली नोरा १८७९ साली नवऱ्याच्या घराचं दार ओढून निघून गेली, त्या दाराबद्दल सगळेच बोलतात. पण ते अख्खं नाटक एका कर्जावर उभं आहे. नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला कर्ज काढता येत नव्हतं म्हणून तिने वडिलांची खोटी सही केली आणि तिथून सगळं सुरू झालं. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फचंही तसंच, बाईला लिहायला काय लागतं ते सांगणाऱ्या तिच्या १९२९ च्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' या पुस्तकातली स्वतःची खोली लोकांच्या लक्षात राहते, वर्षाचे ५०० पौंड राहत नाहीत. त्यात ती स्पष्ट सांगते की आत्याकडून पैसे मिळाल्याची बातमी आणि बायकांना मताचा अधिकार मिळाल्याची बातमी साधारण एकाच सुमाराला आली, आणि दोन्हीत पैसाच कितीतरी महत्त्वाचा वाटला. आणि सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर या इंग्रज लेखिकेची १९२६ ची 'लॉली विलोज' ही कादंबरी घ्या. ४७ वर्षांची लॉरा, वर्षानुवर्षं भावाच्या घरात सगळ्यांची आत्या म्हणून राहिलेली, एक दिवस म्हणते मी वेगळी राहणार. आपले पैसे मागते तर कळतं की ते सांभाळणाऱ्या भावाने ज्या शेअर्समध्ये घातले त्यांची किंमत पडलीय. तरी ती जातेच, फक्त स्वतःच्या घराऐवजी दुसऱ्याच्या घरातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये. पुढे ती कादंबरी चेटकिणींच्या वाटेला लागते तो भाग वेगळा, पण भावासमोर हिशोब मागायचा तो प्रसंग मला पुढच्या सगळ्या जादूपेक्षा मोठा वाटतो.

आता तुम्ही परीक्षण छापलेल्या कादंबरीत बघा. खातं जॉइंट आहे, पण मोबाइल नंबर नवऱ्याचा, त्यामुळे घर सोडल्यावरसुद्धा तिने काही खरेदी केली की ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तिला त्याला फोन करून तो मागावा लागतो! या एका प्रसंगात त्यांचं सगळं लग्न आलंय. नंतर बायोडेटामध्ये मधल्या बावीस वर्षांसमोर काय लिहायचं म्हणून ती रात्रभर बसते, आणि त्या वयात झोप तशीही उडालेलीच असते. पाळी साधारण ४५ ते ५५ च्या दरम्यान थांबते, म्हणजे नेमकं जेव्हा ती नव्याने उभी राहतेय तेव्हाच अंगातून गरम वाफा, घाम, चिडचिड हे सगळं चालू आहे आणि समोर मुलाखत घ्यायला तिच्या मुलाच्या वयाचा माणूस बसलाय. लेखिकेने हे न लाजता लिहिलंय. परीक्षणात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

पंचविशीत नव्याने सुरू करणं आणि पन्नाशीत करणं एक नाही हो. पंचविशीत चुकलं तर भरून काढायला वेळ असतो, पन्नाशीत निवृत्तीपर्यंत फार तर दहा-पंधरा वर्षं उरलेली, बचतीवर चक्रवाढ व्याज चढायलाही तेवढा काळ हाताशी नाही, आईवडील थकलेले, मुलं मोठी झालेली पण आईने घरातच असावं ही अपेक्षा तशीच. कादंबरीतल्या तिच्या मुलीचं वाक्य आठवा, "मग सुट्टीत आम्ही यायचं कुठे?" ती आईला कशी आहेस हे विचारतच नाही. मुलगी वाईट नाहीये, तिला ते सुचतच नाही.

एक गोष्ट मात्र मलाही खटकली. नवरा फारच वाईट रंगवलाय. तो बरा माणूस असता, नुसता बेफिकीर, तर तिचं निघणं जास्त अवघड झालं असतं आणि वाचणाऱ्यालाही बाजू घेणं इतकं सोपं गेलं नसतं. परीक्षणात बोट ठेवायला हवं होतं ते इथे.

माझी एक विनंती आहे. पुरवणीत जागा असेल तर लेखिकेची आणि प्रकाशकांची परवानगी घेऊन त्या मधल्या भागातलं एखादं प्रकरण छापा, ओटीपीचं किंवा मुलाखतीचं. आणि चाळिशी-पन्नाशीत नव्याने सुरुवात केलेल्या वाचकांना, बायकांना आणि पुरुषांनाही, विचारा की ते वाचताना त्यांना कंटाळा आला का. त्यांची पत्रं वाचायला मला फार आवडेल.

आपली,
एक नियमित वाचक