‘आलीच असती’ या रकान्याबद्दल

प्रिय ताई,

तुमचा स्वतःचा नंबर माझ्याकडे कधीच नव्हता. होता तो कागदाच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसचा. गेल्या महिन्यात तिथे फोन लावला, तेव्हा तुम्ही निवृत्त झाल्याचं कळलं. तुमच्या जागी आलेल्या माणसानं फार आपुलकीनं सांगितलं, की घरचा पत्ता देता येणार नाही. ते बरोबरच आहे. म्हणून हे पत्र असं उघड लिहिते आहे. कुणीतरी तुम्हाला ओळखेल आणि वाचून दाखवेल. माझ्यासारखंच ज्यांचं दुकान एका खोलीतून आणि एका वेबसाइटवरून चालतं, त्यांच्या हाती ते आधी पडलं, तरी तुमची हरकत नसेल.

तुम्ही पहिल्यांदा फोन केलात तो वसुलीसाठी. माझी तीन बिलं थकली होती. मी म्हटलं, “मॅडम, विक्री वाढतेय, पुढच्या महिन्यात नक्की देते.” यात खोटं काही नव्हतं. हातानं शिवलेल्या वह्यांची माझी विक्री चार महिन्यांत दुप्पट झाली होती. तुम्ही क्षणभर थांबलात आणि विचारलंत, “उधारीवर विकता का?” नाही म्हटलं, ऑनलाइन विक्रीत पैसे आधी येतात. “मग कागदाचं बिल थकायला नको होतं,” तुम्ही म्हणालात. त्यात राग नव्हता. ताळा जुळत नसला की हिशेब लिहिणाऱ्याला झोप लागत नाही, तसा तो स्वर होता.

त्यानंतर सात-आठ गुरुवार तुम्ही जेवणाच्या सुट्टीत फोन करत राहिलात. थकबाकीचा विषय दोन मिनिटांत संपायचा आणि उरलेला वेळ माझ्या जाहिरातींचा असायचा. तुम्ही कधी ऑनलाइन जाहिरात चालवली नव्हती. ‘कॅम्पेन’ म्हणजे काय हे तुम्ही मलाच विचारलं होतंत. तरीही माझं जाहिरातीचं गणित ज्यांनी आधी बघितलं होतं, त्यांच्यापैकी कुणालाही न सुचलेला प्रश्न तुम्ही पहिल्याच गुरुवारी विचारलात: “१०० रुपयांची विक्री झाली, तर तुमच्या हातात किती उरतात?”

मला सांगता आलं नाही. मग आपण फोनवर बसून काढलं. कागद, दोरा, पुठ्ठा आणि शिवणाऱ्या दोघींची मजुरी मिळून ३८. खोकं ६. कुरिअर १४. ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, म्हणजे पेमेंट गेटवे २. परत येणारा माल आणि वाटेत खराब होणारी पार्सलं यांचे सरासरी ४. एकूण ६४ गेले, ३६ उरले. “आणि जाहिरातीवर?” मी अभिमानानं सांगितलं, की माझा रोआस २.४ आहे, म्हणजे जाहिरातीत घातलेल्या प्रत्येक १ मागे २.४ ची विक्री येते. एका सल्लागारानं मला सांगितलं होतं, की हा आकडा दोनच्या वर असेल तोवर बजेट वाढवत राहायचं. तुम्ही पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं दाबलीत. १०० भागिले २.४, म्हणजे जवळजवळ ४२. हातात उरतात ३६ आणि जाहिरात खाते ४२. जाहिरातीतून आलेल्या प्रत्येक १०० च्या विक्रीवर मी खिशातले ६ घालत होते.

आणि बिल फेडता यावं म्हणून मी बजेट तीनदा वाढवलं होतं.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. पण मग एक गोष्ट लख्ख दिसली. ‘चांगला रोआस’ असा सगळ्यांसाठी एक आकडा असूच शकत नाही. ज्याच्या हातात १०० मधले ६० उरतात, त्याला १.७ लाही तोटा नाही. माझ्या हातात ३६ उरतात, तर मला २.८ च्या खाली परवडत नाही. आपला आकडा आपल्या खर्चातूनच निघतो. हे इतकं साधं आहे, पण जाहिरातीच्या खात्यात ते कुठेच लिहिलेलं नसतं, कारण माझा पुठ्ठा कितीला येतो हे त्या खात्याला माहीतच नसतं.

दुसऱ्या गुरुवारचा प्रश्न आणखी साधा होता: “गेल्या महिन्यात पार्सलं किती गेली?” मी डॅशबोर्ड, म्हणजे प्रत्येक सेवेचे आकडे दाखवणारी पानं, उघडले. एक जाहिरात-खातं म्हणत होतं ६४ ऑर्डर माझ्यामुळे. दुसरं म्हणत होतं ५१. ईमेल पाठवायची सेवा म्हणत होती ३८. बेरीज १५३. “मी पार्सलं विचारली,” तुम्ही म्हणालात. कुरिअरच्या पावत्या मोजल्या. ९७.

यात कुणी खोटेपणा करत होतं असं नाही. प्रत्येकाचा मोजायचा नियम वेगळा असतो. एका खात्यात जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ७ दिवसांत, किंवा जाहिरात नुसती नजरेखालून गेल्यापासून १ दिवसात खरेदी झाली, तर ती त्याच्या नावे लागते. ईमेलच्या सेवेत पाच दिवसांची मुदत होती. एकाच बाईनं सोमवारी जाहिरात बघितली, बुधवारी सर्चमध्ये शोधून दुसऱ्या जाहिरातीवर क्लिक केलं आणि गुरुवारी माझं ईमेलचं पत्र उघडून वही घेतली, तर ती बाई तिन्हीकडे मोजली जाते. तिन्ही खाती आपापल्या जागी खरी, पण त्यांची बेरीज खोटी. तुम्ही म्हणालात, “तीन दलाल एकाच सौद्याची दलाली मागतायत. सौदा किती झाला ते तुम्ही स्वतः लिहा.” तेव्हापासून मी पार्सलांचं रजिस्टर हातानं लिहिते. त्यात तुम्ही सांगितलेला एक रकाना आहे: ‘आलीच असती’, म्हणजे जाहिरात नसती तरी जी ऑर्डर आलीच असती, ती.

ताई, या रकान्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

माझी सगळ्यात लाडकी जाहिरात होती आमच्या दुकानाच्या नावावरची. कुणी सर्चमध्ये आमचंच नाव टाकलं की सगळ्यात वर आमची जाहिरात दिसायची. तिचा रोआस ११ होता. बाकी सगळं बंद करून तेवढंच वाढवावं, असं माझ्या मनात होतं. तुम्ही विचारलंत, “ज्यानं तुमचं नाव टाइप केलं, तो कुणाला शोधत होता?” मला. “मग जाहिरात नसती, तर तो कुठे गेला असता?” जाहिरातीच्या खालीच आमच्या वेबसाइटची फुकटची लिंक होती. मी गप्प झाले.

नंतर मला कळलं, की हाच प्रश्न फार मोठ्या पातळीवर तपासला गेला आहे. २०१२ मध्ये ईबे या मोठ्या ऑनलाइन बाजारानं आपल्याच नावाच्या शब्दांवरच्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन ताडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, आणि २०१५ मध्ये तो ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. जाहिरातीतून येणारी जवळजवळ सगळी माणसं खालच्या फुकटच्या लिंकवरून येत राहिली. नावाखेरीज इतर शब्दांवरच्या जाहिरातींचं दिसलं ते असं, की नवे आणि क्वचित येणारे ग्राहक त्यांनी आणले, पण नेहमीच्या ग्राहकांवर त्यांचा फरक पडला नाही. तुम्ही हे कुठे वाचलं नव्हतंत. तुम्ही फक्त माणूस काय करेल असा विचार केलात.

पण तुम्ही नुसत्या विचारावरही थांबला नाहीत. “सहा आठवडे करू. एक आठवडा चालू, एक बंद. डॅशबोर्ड बघायचा नाही, पार्सलं मोजायची.” चालू आठवड्यांत गेली २४, २२ आणि २७. बंद आठवड्यांत २३, २५ आणि २२. मी म्हटलं, म्हणजे तीन पार्सलांचा फरक आहे. तुम्ही समजावलंत, की एवढा फरक पाऊस पडला तरी पडतो, त्यावर काही ठरवायचं नाही. मात्र ती जाहिरात आठवड्याला ११ ऑर्डर माझ्या असं सांगत होती. त्या खरंच तिच्या असत्या, तर बंद आठवड्यात पार्सलं अर्ध्यावर आली असती. तशी आली नाहीत. इतका मोठा दावा खोडायला एवढे आकडे पुरतात. मी ती जाहिरात बंद केली, आणि थकलेलं पहिलं बिल त्या वाचलेल्या पैशांतून फेडलं.

हे प्रत्येकाला लागू पडेल असं मी म्हणणार नाही. दुसरा कुणी आपल्या नावावर जाहिरात लावून वर बसत असेल, तर गोष्ट वेगळी होते. पण आठवड्याआड बंद करून पार्सलं मोजायला कुणालाच काही खर्च येत नाही.

मोठा दावा आणि लहान फरक यांतला हा भेद मला पुढे फार उपयोगी पडला. मी तेव्हा ‘विकत घ्या’ या बटणाचे दोन रंग तपासत होते. एका रंगाला ११ ऑर्डर, दुसऱ्याला ७, आणि मी निकाल लावून मोकळी झाले होते. तुम्ही नाणं उडवायला लावलंत. अठरा वेळा. माझं ११-७ आलं नाही, १२-६ आलं, म्हणजे नुसत्या योगायोगानंही त्याहून मोठा फरक! मग मी गणित शिकून बघितलं. शंभरातले दोन जण विकत घेत असतील आणि त्यात दहा टक्क्यांची सुधारणा विश्वासानं ओळखायची असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे ८०,००० भेटी लागतात. माझ्याकडे दोन्ही बाजू धरून महिन्याला तितक्या कधीच होणार नाहीत. बटणाचे रंग तपासणं हे लहान दुकानाचं काम नाही. दोनाचे तीन होतील अशी शक्यता असलेला बदल असेल, तर दर बाजूला चारेक हजार भेटींत तो दिसतो. म्हणून आम्ही मोठी गोष्ट बदलली. कुरिअरचा खर्च शेवटच्या पानावर अचानक दिसायचा, तो वहीच्या फोटोखालीच लिहिला. ऑनलाइन दुकानांत माल निवडून भरलेल्या टोपल्यांपैकी (कार्ट) सरासरी सत्तरेक टक्के तशाच सोडून दिल्या जातात, आणि शेवटी अंगावर येणारा जादा खर्च हे त्याचं एक मोठं कारण आहे. आमच्याकडच्या सोडलेल्या टोपल्या पहिल्याच महिन्यात कमी झाल्या.

सर्चमधल्या बाकी जाहिरातींची सफाई तर एका दुपारची होती. लोकांनी नेमके कोणते शब्द टाकले, तो अहवाल तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावलात. ‘फुकट पीडीएफ’, ‘वही कशी बनवायची’, ‘छपाईत नोकरी’. या प्रत्येक क्लिकचे पैसे मी भरले होते. ते शब्द नकारात्मक शब्दांच्या यादीत टाकले, म्हणजे ते कुणी शोधले तर जाहिरात दिसत नाही, आणि आता दर सोमवारी तो अहवाल वाचल्याशिवाय माझा आठवडा सुरू होत नाही.

एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. सगळ्याच जाहिराती बंद करा, असं तुमचं मत होतं. फोटो आणि किंमत दाखवणारी उत्पादनाची जाहिरात मी चालू ठेवली, कारण रजिस्टरमध्ये तिच्यासमोर ‘नवा ग्राहक’ अशी खूण जवळजवळ प्रत्येक ओळीत पडत होती. तुम्ही आकडे मागितलेत, मी वाचून दाखवले. “मग ठेवा,” तुम्ही म्हणालात, आणि तो विषय तिथेच संपला. इतक्या सहज आपलं मत बदलणारं माणूस मी कामाच्या जगात फारसं बघितलेलं नाही.

आणि ते एक वाक्य, जे तुम्ही फोन ठेवता ठेवता बोललात: “तुमची वही किती दिवसांत संपते हो?” मी सहा वर्षं वह्या विकत होते, पण हे कुणाला विचारलंच नव्हतं. जुन्या ग्राहकांना विचारलं. रोज लिहिणाऱ्यांची तीन महिन्यांत संपते, चित्रं काढणाऱ्यांची त्याहून लवकर. तोवर मी दर आठवड्याला सगळ्यांना सवलतीचं पत्र पाठवत होते. ते थांबवलं. आता वही घेतल्यापासून अकराव्या आठवड्यात एकच पत्र जातं: पानं संपत आली असतील, तीच आखणी हवी की वेगळी? त्याला लोक उत्तरं देतात. कुणी भरलेल्या वहीचा फोटो पाठवतात. माझ्याकडच्या दर तीन पार्सलांतलं एक आता जुन्या ग्राहकाचं असतं, आणि त्यासमोर जाहिरातीचा खर्च शून्य लिहिलेला असतो.

तुमच्या ऑफिसचं शेवटचं बिल फिटलं, त्या दिवशी तुम्ही फक्त “जमा झाले” एवढंच म्हणालात. मला त्या वेळी खूप बोलायचं होतं, पण मागे कुणीतरी तुम्हाला हाक मारली आणि फोन राहून गेला. पुन्हा करू म्हणता म्हणता वर्ष गेलं. त्याची मला खंत आहे. तुमच्या जेवणाच्या सुट्टीतले ते गुरुवार तुम्हाला कुणी मागितले नव्हते, आणि त्यांचे पैसेही कुणी दिले नाहीत. माझ्याकडच्या दोघींची मजुरी तेव्हापासून एकदाही उशिरा गेलेली नाही. त्या तुम्हाला ओळखत नाहीत, पण तुमच्याबद्दल मी त्यांना सांगितलं आहे.

तुमच्यासाठी एक वही शिवून ठेवली आहे. कागद तुमच्याच व्यापाऱ्याकडचा, जाड, शाई न फुटणारा. आखणी खातेवहीची आहे: तारीख, पार्सल, खर्च, उरले, आणि शेवटी तुमचा तो रकाना, बाकीच्यांपेक्षा जरा रुंद. पत्ता कळवा, लगेच पाठवते.

तुमची,
गुरुवारची वहीवाली